सगळ्यांचे वडील बँकेत

पारोळा,
गुरुवार, ता. २२ जून १९८९

निंबाभाऊस धाकट्या तोतारामचा दंडवत.

आम्ही इकडे ठीक. रावेरकडे मोठं वादळ झालं म्हणतात, आपल्या केळी उभ्या आहेत ना? इंदिराचे गुडघे पुन्हा दुखायला लागलेत. वहिनीने दिलेले पापड अजून पुरताहेत.

शाळा सुरू झाली. माझं हे पंचविसावं वर्ष. दरवर्षीसारखं पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिलं, नाऊन म्हणजे नाम, व्हर्ब म्हणजे क्रियापद, अशा आठ जाती. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग लागतं, हेही सांगितलं. सत्तर पोरं एका सुरात ओरडली, "सर, बठ्ठं समजी गयं!" काही समजलेलं नसतं, हे त्यांना ठाऊक आणि मलाही. यंदा मात्र ॲडजेक्टिव्हपर्यंत पोचलो आणि खुर्चीवर बसून राहिलो. आजारी नाही, पण फार थकलोय.

सुनंदा घरी रमली का? दहावीचं वर्षभर तिचा इथे वावर होता, आता घर सुनं वाटतं. इंदिरा अजून तिच्या वाटणीच्या दोन भाकरी जास्त थापते.

भाऊ, हे सगळं लिहीत बसलोय कारण खरं लिहायला हात धजत नाही.

सोमवारी तू तिला न्यायला आलास. आमच्या ओट्यावर चार माणसं बसली होती. तू म्हणालास, "हिले डोकंच नाही. जामनेरच्या स्थळाला होकार कळवून टाकतो." पोर दारात वळकटी घेऊन उभी होती. मी सुपारी कातरत होतो आणि कातरतच राहिलो. खरी गोष्ट मला त्या दिवशी सकाळीच कळली होती.

ती वळकटी बांधत असताना मी विचारलं होतं, बाकी सगळ्या विषयांत पास आणि माझ्याच इंग्रजीत एकतीस मार्क, असं कसं झालं गं? दहा मार्कांच्या निबंधाचं पान तिने कोरं सोडलं होतं. चार मार्क मिळाले असते तरी पास होती. विषय होता 'माझे वडील'.

आता माझी शिकवण्याची रीत ऐक. पोरांना स्वतःचं इंग्रजी वाक्य करता येत नाही, म्हणून मी निबंध पाठ करून घेतो. 'माझे वडील' फळ्यावर लिहून देतो, माझे वडील बँकेत नोकरी करतात, रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात, संध्याकाळी बागेत फिरायला जातात. ते मी पहिल्या वर्षी एका गाइडातून उतरवलं होतं. गेली चोवीस वर्षं माझ्या वर्गात सगळ्यांचे वडील बँकेत आहेत. झुलाल गवंड्याच्या पोराचेही, आणि ज्यांना वडीलच नाहीत त्यांचेही. तपासणाऱ्यांनाही त्याची सवय आहे, निमूट सहा मार्क देतात.

सुनंदाने दिवाळीनंतर वही आणून दाखवली होती. तिने स्वतःची वाक्यं केली होती. माझे वडील केळीच्या बागेत काम करतात. ते उशिरा जेवतात. त्यांच्या पायांना भेगा आहेत. मी आजारी होते तेव्हा ते चालत सावद्याला गेले. सात ओळी होत्या, भाऊ. चुका होत्या, पण कर्ता जागेवर होता, क्रियापद जागेवर होतं, आणि तू तर पूर्णच्या पूर्ण त्यात होतास. चोवीस वर्षांत एका पोराने असं लिहून आणलं नव्हतं. मी लाल पेन घेतला आणि पान आडवं खोडलं. म्हणालो, मार्क घालवायचेत का? फळ्यावरचं पाठ कर.

सोमवारी ती म्हणाली, "काका, पाठ होतं मले. पन बाबा बँकेत हायेत असं लिहाले हातच उचलेना. अन् खरं लिहाले गेली त तुमचा लाल पेन डोयासमोर आला." मग वळकटीची दोरी आवळायला लागली. रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी का खोडलं, तेही सांगतो. मलाही स्वतःचं इंग्रजी वाक्य येत नाही. व्याख्या येतात, गाइड येतं. तिच्या वहीतल्या चुका दुरुस्त करायच्या तर मला त्या ओळखाव्या लागल्या असत्या, आणि दोन ठिकाणी मी अडलो होतो. पुतणीपुढे अडलेला मास्तर दिसायची लाज वाटली, म्हणून खोडलं.

म्हणून पाया पडून सांगतो, होकार कळवू नकोस. ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म मी काल भरला, पालक म्हणून माझी सही केली. रागव हवं तर. फक्त एकच विषय राहिलाय. तिला तिचंच लिहू दे, मी मध्ये पडणार नाही.

आणि रविवारी मी सकाळच्या एस.टी.ने येतोय. जामनेरची माणसं त्या दिवशी येणार ना? त्यांना, गावातल्या चार जणांना, तात्या पाटलांना, सगळ्यांना तुझ्या ओट्यावर बसव. तू जे चार माणसांत बोललास ते मी चार माणसांतच खोडणार आहे. पोरगी ढ नाही, मास्तर ढ होता, हे माझ्या तोंडून सगळ्यांना ऐकू दे. सुनंदालाही दारात उभं कर.

वहिनीला नमस्कार. हे पत्र तिला वाचून दाखव, लपवू नकोस.

तुझ्या मुलीला नापास करणारा,
तुझा भाऊ,
तोताराम