देव्हाऱ्यातलं चॉकलेट

भाईंदर पश्चिम, मंगळवार संध्याकाळ, नोव्हेंबर २००६

राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी लिहून टाकते.

रोज खाडीपर्यंत चालून आले की मी चॉकलेटचा एक तुकडा खाते. एकच. तो खाल्ला की मग रात्री डबे उचकत नाही. पंजाबी ड्रेस सैल झालेत, ते कुणाला दिसत नाही! आज सासूबाईंना फ्रिजमध्ये चंदेरी कागद दिसला. शेजारच्या हेमाबेनसमोर म्हणाल्या, "अशाने ही कधी बारीक होणार?"

आणि परवा चतुर्थीला तुपात थबथबलेला शिरा मला दोनदा वाढला, तेव्हा? नको म्हटलं तर म्हणाल्या, "प्रसादाला नाही म्हणायचं नसतं."

नसतं ना? ठीक आहे. दिवेलागणीला चंदेरी कागद सोडवला, तुकडा वाटीत घातला आणि गणपतीला नैवेद्य दाखवला. घंटासुद्धा वाजवली. सासूबाई बघतच राहिल्या. अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"आई, प्रसाद."

नाही कशा म्हणणार? खाल्ला. उरलेला मी त्यांच्यासमोर, सावकाश खाल्ला. पाप लागेल का? शिऱ्याला लागलं नाही, मग याला का लागावं?

हे लिहितेय तर त्या दारात येऊन उभ्या. बोटात तोच चंदेरी कागद, चापून चोपून घडी केलेला.

"अगं, देवाला एवढासाच नैवेद्य दाखवतात का?"

"एवढासाच," मी म्हटलं. "त्याला पुरतो. मलाही पुरतो. तुम्हीच वाढत बसता."