छतावरचा बूस्टर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

बानूबाई गेली!

काल संध्याकाळी. मेंढरांच्या वाड्यापाशी छातीत कळ आली म्हणे. नवऱ्यानं, बिरूनं, एकशेआठला फोन लावला — लागेना. परत लावला — लागेना. शेवटी तिला तशीच ठेवून सडकेपर्यंत पळत गेला, एका पिकअपला आडवा झाला. माकणीच्या दवाखान्याच्या अलीकडंच तिनं मान टाकली.

गावात टॉवर आहे! हिंमतरावांच्या रानात, कुठूनही दिसतो. आणि दिवस मावळला की एकाच्याही फोनला रेंज नसते. गणपतीपासून हेच चाललंय.

माझा नवरा प्रसेनजित पुण्याहून संध्याकाळीच फोन करतो. लागत नाही. 'फोन बंद का ठेवतीस?' म्हणून मागच्या रविवारी मोठं भांडण झालं. आज ते भांडण आठवलं तरी लाज वाटते.

५ नोव्हेंबर

टॉवर कंपनीचा इंजिनिअर आला होता. कुमार नाव. अंगानं किरकोळ, पाठीला बॅग. चौकात सगळा गाव गोळा. तो इतकंच म्हणाला, "टॉवरमध्ये बिघाड नाही. बाहेरून कुठून तरी अडथळा येतोय."

बिरू उठला आणि एक ठेवून दिली त्याच्या थोबाडात. चष्मा उडाला. आणखी दोघं-चौघं धावले. मामा मध्ये पडले म्हणून वाचला.

मामा — माझे सासरे. वायरमन होते, रिटायर झाले. गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, पण एरवी आमच्या गल्लीतल्या माणसाचं चौकात कोण ऐकतंय! आज ऐकलं. मामा म्हणाले, "मारून रेंज येत न्हाय. सोमवारपर्यंत नीट केलं न्हाय तर टॉवरला टाळं ठोकू. पुढं मी ऱ्हातो." टाळ्या पडल्या. हिंमतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

आत्या — माझ्या सासूबाई — भाकरी थापताना तेच तेच सांगत होत्या. "बघितलंस का, हिंमतरावानं खांद्यावर हात ठिवला!"

७ नोव्हेंबर

संध्याकाळी रेंज नाही. बिरूच्या दारात अजून माणसं बसून असतात. मला तिकडं जायचा धीर होत नाही.

८ नोव्हेंबर

सगळे झोपल्यावर लिहिते.

संध्याकाळी इस्त्री लावली आणि घरातला फ्यूज गेला. अंधार. आणि त्या अंधारात माझा फोन वाजायला लागला — एकामागून एक मेसेज! रेंज पूर्ण. शेजारच्या विठाबाईचाही फोन वाजला, ती लेकीशी बोलताना ऐकू येत होती.

मामांनी फ्यूज बांधला. लाईट आली. टीव्हीवरच्या बातम्या पुन्हा सुरू झाल्या. रेंज गेली!

मामा हात धुवायला गेले तेव्हा मी टीव्हीच्या बोर्डाचं बटण बंद केलं. रेंज आली. चालू केलं. गेली. मग एकेक पिन काढून बघितली. टीव्ही नाही. डिशच्या छत्रीचा डबा नाही. तिसरी पिन — छोटा काळा डबा, धुळीनं भरलेला. तो काढला की रेंज येते. मामा आले तशी मी पिन परत लावली.

तो छतावरच्या जुन्या अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरचा आहे. टीव्हीचं जुनं प्रक्षेपण बंद पडलं, सगळ्यांनी छत्र्या लावल्या. मामांनी छत्री त्याच पाइपला बसवली, पण अँटेना काढली नाही. आपल्या गल्लीतला पहिला टीव्ही त्या अँटेनावर दिसला, म्हणून. बूस्टरची पिन तशीच राहिली. टीव्ही लावला की तोही चालू!

बानूबाईला कळ आली तेव्हा आमच्या घरात बातम्या लागल्या होत्या.

९ नोव्हेंबर

कुणाला सांगू? प्रसेनजितला? फोनवर नको. आज दिवसभर मामांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज टाळं ठोकायचं होतं. सकाळीच सांगितलं. मामांना वाटलं मी चेष्टा करते. मग बटण दाबून दाखवलं. चालू — बंद — चालू. फोन त्यांच्याच हातात दिला होता.

खाटेवर बसले. मग —

"कुणाला बोलली न्हाईस ना?"

"नाही."

"पिन काढून टाक. झालं. कुणाला कळायचं न्हाय."

मी म्हणाले, "मामा, त्या इंजिनिअरनं मार खाल्ला." तर आत्याच पुढं आल्या. "आन् आता ह्यांनी खायचा का? त्यो कंपनीचा माणूस, गाडीत बसून गेला. आपल्याला हितंच ऱ्हायचंय. आपल्या गल्लीचं काय करतील, म्हाईत हाय का तुला?"

माहीत आहे. म्हणून पिन काढली.

संध्याकाळी रेंज आली. गावभर फोन वाजले. लोक चौकात ओरडत होते, टाळं ठोकायच्या आधीच कंपनी भ्याली! मामांना घरातून ओढून नेलं. हार घातला.

हार खुंटीला अडकवून मामा तसेच झोपले. ताट झाकून ठेवलंय.

१२ नोव्हेंबर

मी चालवते त्या सेवा केंद्रात दाखले काढत बसले होते तर हिंमतराव आले. त्या इंजिनिअरवर तक्रार द्यायचीय, टाइप करून दे म्हणाले. बानूबाईच्या मरणाला तोच जबाबदार, असं लिही. "त्याला घरीच बसवतो. पुन्यांदा कुठं नोकरी मिळायची न्हाय."

मी म्हणाले प्रिंटर चालत नाही.

घरी येऊन मामांना सांगितलं. त्यांनी ऐकलं. उठून बाहेर गेले.

१४ नोव्हेंबर

आज बानूबाईचं तेरावं.

मामांनी धुतलेला सदरा घातला. आत्यांनी दारात आडवा हात धरला. "जाऊ नका. पाया पडते." मामांनी त्यांचा हात हळूच खाली केला. मी मागोमाग गेले.

पंगत उठली होती. मामा बिरूसमोर जाऊन उभे राहिले. बसा म्हणाला, तर बसले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागले.

"बिरू, तुझा फोन माझ्यामुळं लागला न्हाय. टॉवरवाल्याची चूक न्हाय. माझ्या अँटेनाचा बूस्टर खराब झालाय, त्योच उलट्या लहरी सोडून रेंज मारत हुता. मला सोमवारी कळलं. आन् मी गप्प बसलो."

हिंमतरावच आधी ओरडले. "हार घालून घेताना लाज वाटली न्हाय?" मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांच्या गल्लीला पुढं केलं की आसंच व्हतं." कोण ते कळलं नाही. किंवा कळलं. लिहीत नाही.

बिरू ओरडला नाही. म्हणाला, "नाना, तुमी पुन्हा माझ्या दारात येऊ नका." आणि मेंढरांत निघून गेला.

घरी येऊन मामा शिडी लावून वर चढले. मी शिडी धरली. अँटेना खाली घेतली, बूस्टर दगडावर ठेवून हातोडीनं ठेचला. आत सगळा हिरवा गंज.

१५ नोव्हेंबर

पत्र्यावर दगड. दोनदा. केंद्रात दिवसभर एक माणूस आला नाही. तक्रार मात्र हिंमतरावांनी दिली नाही — तेवढं तरी झालं.

रेंज आहे. प्रसेनजित म्हणाला, "दादांनी सांगायला नको होतं." वडिलांना तो दादा म्हणतो. मी फोन ठेवून दिला.

१६ नोव्हेंबर

रेंज पुन्हा गेली!

दिवस मावळताना. आमचा टीव्ही तर आठवड्यापासून बंद आहे! मी फोन घेऊन अंगणात आले, छतावर गेले — काही नाही. तोवर माणसं दारात. "नाना, आजून काय लपवलंय?" आत शिरले. खाटेखाली बघितलं, धान्याच्या कोठीमागं बघितलं. आत्या भिंतीला टेकून रडत होत्या.

मामांनी सगळ्यांसमोर मेन स्विच खाली ओढला. घरात काळोख. "बघा आता. काय चालू हाय का?"

रेंज तरीही नाही. एकजण म्हणाला, "बॅटरीवर ठिवलं आसंल कुठंतरी." आणि बाकीच्यांनी माना हलवल्या! मामांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं ते खरं मानलं. आता नाही म्हणतात ते कुणी मानत नाही.

जाताना हिंमतराव म्हणाले, "इंजिनिअरला बोलावलंय. त्याच्या मशीननं तुमच्या घरात दावलं, तर आमच्याकडनं काय व्हईल ते सांगत न्हाय."

१७ नोव्हेंबर

तो उद्या येणार. प्रसेनजित म्हणतो, तिघंही रातोरात पुण्याला या. मामा म्हणाले, "मी काय चोर हाय का?"

आत्यांनी तरी कपड्यांची पिशवी भरलीय. मला दिसू नये म्हणून कोठीमागं ठेवली.

१८ नोव्हेंबर

कुमार आला तेव्हा माणसं रानात होती. आधी आमच्याच घरात मशीन फिरवलं. काही नाही. मग हातातली अँटेना फिरवत निघाला — मामा आणि मी मागं. गल्ली संपली, ओढा ओलांडला, बिरूच्या वाड्याशी थांबला. पत्र्यावर जुनी अँटेना. बिरू मेंढरामागं गेलेला. आत त्याची नात सृष्टी एकटीच टीव्ही बघत बसलेली. सुतकात बंद होता, परवा लावला म्हणाली. "आज्जी असताना रोज सांजच्याला मालिका लावायची."

कुमारनं मशीन मामांना दाखवलं. "काका, ह्याचा जोर बघा. ह्याच्या शेजारून फोन लागलाच नसता."

मामांनी वर चढून बूस्टरची वायर तोडली, ती खिशात घातली. खाली येऊन कुमारला हात जोडले. "गावात सांगा, नानाच्याच घरात दुसरा सापडला. मी सोशीन. बिरूला हे सोसायचं न्हाय."

कुमारचा हात त्याच्या गालाकडं गेला. मग त्यानं मान डोलावली, आणि चौकात तसंच सांगून गेला.

संध्याकाळी रेंज आली. बिरू मेंढरं घेऊन आमच्या दारावरून गेला. उंबऱ्याकडं बघून थुंकला.

मामा म्हणाले, "चहा टाक, प्रीती."