उंबरठ्यातला फडा

चैत्री पुनवेला दत्तरावांच्या उंबरठ्यात आडव्या ठेवलेल्या फड्यापाशी, म्हणजे केरसुणीपाशी, कस्तुराबाई थबकल्या, तिथून माझं सगळं फिरलं.

मी, बन्सीधर माणिकराव कच्छवे, वय बावीस, बी.एस्सी. अर्धवट, अक्कल ठिकाणावर (उशिरा आली), कुणाच्या धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो. जीव द्यायचा माझा विचार नाही. तसं कुणी गावभर करू नये. वडील काल म्हणाले, “त्या चेटकिणीच्या ओट्यावर पाय ठेवलास तर तू आमाला मेलास.” तो पाय मी आज ठेवणार आहे. म्हणून मागे राहणाऱ्या चीजवस्तूंची ही व्यवस्था.

१. चिंचेखालच्या शेतातला माझा वाटा आई कमलबाई हिचा. काय पेरायचं ते तिनं ठरवावं. तिला कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

२. सायकल आणि रसायनशास्त्राची पुस्तकं विष्णुपंत मास्तरांना. सायकलीला ब्रेक नाही. नामांतराच्या गडबडीत कॉलेज बंद पडलं तेव्हा तिच्यावरूनच परभणीहून आलो. कॉलेज उघडलं, मी गेलो नाही. घरी सांगितलं, पोट दुखतं. खरं कारण विमल, कस्तुराबाईंची मुलगी.

मास्तर, तुम्ही मला प्रयोग शिकवलात. मी गावात एक केला. दत्तरावांच्या सुनेच्या अंगावर बिब्याच्या फुल्या उठल्या; गाव म्हणालं, करणी. भगत लिंबाजीनं कस्तुराबाईंचं नाव घेतलं. का, तर विधवा आहे, दिवेलागणीनंतर अंगण झाडते, फडा दाराआड उभा ठेवते. चेटकिणीला उंबरठ्यातला फडा ओलांडता येत नाही, असं आमच्यात म्हणतात. मीच पारावर उठून ओरडलो, “मग ठेवा की फडा! ओलांडतील, अन् तुमची तोंडं बंद होतील!”

लिंबाजी हसला. “शिकलेलं पोरगं म्हणायलंय. ठेवा.”

पुनवेला बोलावणं गेलं, कस्तुराबाई आल्या. फडा बघितला. वाकून हात लावला, हात कपाळाला लावला आणि तिथंच उभ्या राहिल्या. फडा म्हणजे लक्ष्मी. तिला कोण ओलांडणार? माझी आई ओलांडत नाही. लहानपणी मी ओलांडला तर तिनं मला बडवलं होतं. तरी आठवलं नाही. मी आपला ओरडतोय, “ओलांडा, मावशी!” गर्दीला एवढंच दिसलं, की बाई अडली.

३. विमलला लिहिलेली सतरा पत्रं, एकही न दिलेली, आईनं न वाचता चुलीत घालावीत. विमल परवा विहिरीवर म्हणाली, “लय शिकलास रे. माझ्या मायला आदी इचारलं असतंस तर तिनंच सांगितलं असतं.” आज मी तिच्या दारात बसलो म्हणून ती माझं काही देणं लागत नाही. हे तिला कुणीतरी नीट सांगावं.

४. लिंबाजीला काही नाही. बुधवारी दिलेली थोबाडीत त्यानं ठेवून घ्यावी.

५. आज दुपारी गाव कस्तुराबाईंना बाहेर काढायला जमणार आहे. मी त्यांच्या दारात बसून येईल त्याला विचारणार, तुझी बायको ओलांडेल का? मार बसेल. भांडायची हौस आता उरली नाही; नुसतं बसायचं आहे. त्यात गेलोच, तर भगत बोलावू नये, कोंबडं ओवाळू नये, आणि करणीनं मेला असं म्हणू नये. काठीनं मेला म्हणावं.

साक्षीदार:
भुजंग, मित्र. (“लय अडवलं. ऐकत न्हाई.”)
सरजाबाई, शेजारीण, डावा अंगठा. वाचून दाखवल्यावर म्हणाल्या, “मी बी न्हाई ओलांडायची. लिही तसं.” लिहिलं.

मौजे खडकुंभा, चुडावा स्टेशनापासून दोन कोस, जि. परभणी
११ एप्रिल १९८०, सकाळ
सही: ब. मा. कच्छवे

कागद पिठाच्या डब्याखाली ठेवतो. आई विचारते, “जेवून जातोस का रे?” नको म्हणालो. वडील ओसरीवर पाठ करून बसलेत. आत्ताच म्हणाले, “जायचं तर दार लावून जा. ऊन यायलंय.”

लावतो.