दादाच्या नावाची गाठ

बाबा, तुमचा डोंगा जिथे लागायचा तिथे आता माझी फायबरची बोट लागते. धरण तेच आहे, काठावरचं मोहाचं झाडही तेच. बोटीला मागे बॅटरीवरची लहान मोटर आहे आणि पुढे, माझ्या गुडघ्याजवळ, तळहाताएवढा पडदा. तो मासे शोधायच्या मशीनचा, त्यावर पाण्याखालचं दिसतं. मच्छीमार सोसायटीनं हौशी लोकांना गळ टाकायची परवानगी दिली तेव्हापासून नागपूर-चंद्रपूरकडची माणसं येतात, मासा धरतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडून देतात. हे पाहून तुम्हाला राग आला असता. धरलेला मासा सोडायचा, आणि त्या लोकांना पाण्यावर फिरवते कोण, तर तुमची मुलगी.

पहिला महिना त्या मशीननं मला फार छळलं. पडदाभर ठिपकेच ठिपके, आणि मला वाटायचं सगळे मासेच. एका माणसाला मी तशा जागी तासभर बसवलं, गळाला शेवाळसुद्धा लागलं नाही. मग कळलं की मोटरची आणि मशीनची वायर एकत्र बांधली की मोटरचा त्रास पडद्यावर उमटतो. आता मशीनला वेगळी छोटी बॅटरी आहे, वायरीत फ्यूज आहे, आणि पाण्यात बुडणारा तिचा डोळा मी मोटरच्या पंख्यापासून लांब बसवला आहे, बुडबुडे येणार नाहीत असा. पाणी गढूळ असलं की तिची तीव्रता कमी करावी लागते, नाहीतर ती गाळालाही मासा म्हणते. पडद्याच्या उजव्या काठाला जे दिसतं तेवढंच आत्ताचं, बोटीखालचं. डावीकडचं सगळं मागे पडलेलं. नवे लोक नेमके डावीकडच्या माशासाठी गळ सोडून बसतात. हे मी चुकत चुकत शिकले. विचारायला कोणी नव्हतं, आणि तुम्ही असतात तरी तुम्हाला विचारता आलं नसतं.

कारण शिकवायचं ते तुम्ही दादाला शिकवलं. अंगणात त्याला समोर बसवायचात, आणि मी आत चुलीपुढे तांदूळ निवडत असे. दार उघडं असायचं. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गळाच्या डोळ्यातून ओवायची, स्वतःभोवती सहा वेढे द्यायचे, टोक पहिल्या फटीतून काढायचं, आणि ओढायच्या आधी गाठ थुंकीनं ओली करायची. कोरडी ओढली की तंगूस घासून जळते आणि गाठ दिसायला पक्की, पण ऐन वेळी सुटणारी होते. गळाची धार नखावर टेकवून पाहायची. घसरला तर पुन्हा दगडावर घासायचा. दादाचं लक्ष वेशीवरच्या क्रिकेटकडे असायचं. माझं तांदळाकडे नसायचं. आईच्या सेफ्टी पिनेला शिवणाचा दोरा ओवून मी ती गाठ इतक्या वेळा बांधली की अंधारातही बांधता येऊ लागली.

मी पंधरा वर्षांची होते. धानाची कापणी चालू होती, तुम्ही खळ्यावर होतात. दादा पाणवनस्पतीत गळ लावून खेळायला निघून गेला होता आणि मी त्याची भाकर घेऊन काठावर आले होते. गळाला बेडूक लावलेला, दोरी बाभळीच्या मुळाला बांधलेली. मी नुसती बसते. तेवढ्यात हिरवळ फुगते, फटकन आवाज होतो आणि बेडूक दिसेनासा होतो. मरळ घास घेते तेव्हा लगेच ओढायचं नाही, दोन मोजायचे, हे तुम्ही दादाला सांगितलेलं. मी दोन मोजते. मग झटका देते. ती अशी ओढते की तंगूस तळहातात रुतते, रक्त येतं, पण मी सोडत नाही. कितीतरी वेळानं ती गवतावर येते, माझ्या मांडीएवढी लांब, आणि मी तिच्यावर अंग टाकून पडते, परत पाण्यात जाऊ नये म्हणून.

दादा आला, त्यानं ती खांद्यावर घेतली, कारण मला उचलवत नव्हती. आम्ही चौकात पोचलो तेव्हा तुम्हीही खळ्यावरून आलात. माणसं जमली होती. एवढी मरळ कित्येक वर्षांत कोणी पाहिली नव्हती. कोणीतरी विचारलं, कोणी काढली. तुम्ही माझा हात पाहिला होता, बाबा. रक्त मनगटापर्यंत आलं होतं. तुम्ही दादाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालात, "पोरानं काढली."

मी म्हटलं, "मी काढली."

लोक हसले. दादा खाली पाहत राहिला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "घरी जाय," एवढंच म्हणालात. घरी आल्यावर मात्र बोललात. आई माझ्या हाताला हळद लावत होती. "पोरीनं गळ टाकला असं गावात झालं, त उद्या पोराले कोन विचारीन? अन् तुले तरी कोन करून घेईन?" त्या संध्याकाळी तुम्ही तुमचा गळांचा पितळी डबा दादाला दिलात. मला त्या मरळीचा तुकडाही खाववला नाही, आणि का खात नाही हे तुम्ही विचारलं नाहीत.

मला करून घेणारे तुम्ही कोरपन्याकडचे शोधले. तिथे कापूस, सिमेंटची धूळ, आणि पाणी म्हणजे एक विहीर. नऊ वर्षांनी नवरा तापानं गेला आणि मी मुलीला घेऊन परत आले. आई तोवर गेली होती. दादा ऊर्जानगरला ठेकेदाराकडे लागून तिकडेच राहत होता, तो डबा घरीच कोनाड्यात पडून होता. तुम्ही दारात बसला होतात. "काऊन आली?" असं विचारलंत. मी गाठोडं आत नेऊन ठेवलं. मग म्हणालात, "आलीच हाये त चूल पाय."

तुमचे हात तेव्हा थरथरू लागले होते. डोंगा शेजारचे काका वल्हवायचे, गळ टाकणं तुम्हाला जमायचं, पण गाठ बांधणं जमेना. मी समोर असायचे. तुम्ही मला एकदाही बांधून दे म्हणाला नाहीत. रविवारी पोरगा येईल, तो बांधेल, असं म्हणून डबा काढून ठेवायचात. दादा पहिल्या रविवारी आला, चहा प्याला, दुपारच्या बसनं गेला. डबा त्यानं उघडलाही नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तुम्ही झोपलात तेव्हा मी पाच गळ बांधून ठेवले. सोमवारी तुम्ही अंगठ्यानं गाठ चाचपलीत, दातात धरून ओढलीत, आणि तुमचा चेहरा असा खुलला की मला तो तसा आधी कधी पाहिल्याचं आठवेना. "पोरगा बांधून गेला," म्हणालात. मी हो म्हटलं.

मग हेच चालू झालं. दादा महिना महिना फिरकायचा नाही, तरी डब्यात गळ तयार असायचे. तो कधी येऊन गेला हे तुम्ही विचारायचं टाळायचात, आणि मी सांगायचं टाळायचे. कधी वाटायचं तुम्हाला माहीत आहे. पण एके दिवशी जेवताना तुम्ही गळ माझ्यापुढे धरलात. मुलगी शेजारी जेवत होती. "हे पाय, पोराची गाठ. हत्ती बांधला तरी सुटनार नाई. तुह्यानं झाली असती काय?" मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं मला बांधताना पाहिलं होतं. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि तुमच्या ताटात भात वाढला.

त्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही काकांबरोबर गेलात आणि लवकर परत आलात. काका सांगत होते, फार मोठी मरळ होती, डोंग्यापर्यंत आली होती, हात घालणार तेवढ्यात गेली. तुम्ही खाटेवर बसलात. तंगुशीचं टोक तुमच्या बोटांत होतं. तुटलेली तंगूस सरळ असते. गाठ सुटली की टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं. ते वळलेलं होतं. तुम्ही ते कितीतरी वेळ फिरवत राहिलात. मग काकांना म्हणालात, "माह्याच हातानं ढील गेली." पोराच्या गाठीला तुम्ही बोल लावला नाहीत. पुन्हा पाण्यावर गेलाही नाहीत. त्या पावसाळ्यानंतर तुम्ही गेलात. त्याला आता अठरा वर्षं होतील.

गेल्या रविवारी दादा आला होता. बोटीवर बसला, मशीन पाहून हरखला. नागपूरचे एक मास्तर गळ टाकायला आले होते, त्यांची गाठ सुटून गळाचा रबरी बेडूक पाण्यात गेला. मी त्यांना नवी बांधून देत होते. दादा त्यांना म्हणाला, "आमचे बाबा म्हनत, पोराच्या गाठीनं हत्ती बांधला तरी सुटनार नाई. काकांनं सांगतलं मले, मरेपर्यंत माह्याच गाठी वापरत होते म्हने." त्याचे डोळे भरून आले होते. त्याला खरंच वाटतं की त्यानं कधीतरी तुमच्यासाठी गळ बांधले होते. मास्तर मान हलवत होते. गाठ माझ्या हातात होती. एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. वयाच्या पंधराव्या वर्षी सांगितलं होतंच की.

मी गप्प बसले. मास्तर गेल्यावर दादा म्हणाला, मले बी शिकव हे मशीन. मी त्याला पडद्याचा उजवा काठ दाखवला.

आज गिऱ्हाईक नाही. मोहाखाली बोट बांधून, मुलीच्या जुन्या वहीत हे लिहिते आहे. पत्र ठेवायला जागा नाही आणि धाडायला पत्ता नाही. बहुतेक चुलीत जाईल. दादाचा मला राग येतो, तुमचा त्याहून जास्त, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. पण रविवारी मी गप्प बसले ते मोठेपणानं नव्हे. त्या गाठी माझ्या होत्या असं सांगितलं असतं, तर त्या सगळ्याच माझ्या ठरल्या असत्या. तुमच्या शेवटच्या मरळीचीसुद्धा. त्या गाठीला मी तीनच वेढे दिले होते, बाबा, आणि कोरडी ओढली होती.