एलेनबाईंचा डेनिस

३ मार्च, आदिलाबाद
शाळेनंतरचा जोडधंदा चालू. अमेरिकेतल्या एलेनबाईंचा आयरिश मूळपुरुष शोधायचा. नाव डेनिस. अमेरिकेत इंग्रजांचं राज्य असताना जहाजाने गेला; तिथलं गाव आणि बायकोचं नाव, एवढंच ठाऊक. जुनी मृत्युपत्रं, चर्चची पानं स्कॅन होऊन येतात, मी वाचते. तो जमीनदार होता अशी बाईंची खात्री. पणज्या-खापरपणज्यांच्या जन्मतारखासुद्धा आहेत बाईंकडे. जळते मी. इथे कशाला खोटं लिहू?

७ मार्च
आईला विचारलं, बाबांच्या आजोबांचं नाव काय? भाजी निवडता निवडता म्हणाली, "मले काय ठाऊक? भीमपुरात पाटलाकडं सालगडी होते. समदे गडीच म्हनत." झालं. संपली आमची वंशावळ.

११ मार्च
डेनिस सापडला! एका मेलेल्या मालकाच्या सामानाच्या यादीत. दोन गाई, तांब्याची किटली, मग 'आयरिश नोकर डेनिस, दोन वर्षं बाकी'. गाव जुळतं. पुढे याच मालकाच्या मुलीशी लग्न, तेही जुळतं. ए.बाई जमीनदारांतच शोधत बसल्या. मला 'वर्षं बाकी' वाचताच कळलं, हा करारानं बांधलेला गडी. पाडव्याला साल ठरायचं त्या घरातली मी. फार बरं वाटलं. वाईट आहे, पण वाटलं.

१२ मार्च
ए.बाईंचा व्हिडिओ कॉल. काही मिळालं का? "अजून नाही," म्हणाले. निघून गेलं तोंडातून. वर त्यांनी माझेच आभार मानले.

१५ मार्च, रवि.
भीमपूरला जाऊन आले. पाटलांच्या नातवाने चांगल्या कपात चहा दिला. "पाहू ना म्याडम, भेटलं तं बरंच हाये." जुन्या वाटणीचा कागद काढला. सर्ज्या. पवळ्या. ढवळी गाय. गडी एक.
तोच ओशाळला. "नाव नाई लिवलं म्याडम."
बैलांची लिहिली की.
बसमध्ये सगळा राग डेनिसवर. किटलीशेजारी का होईना, नावानिशी आहे मेला.

१९ मार्च, पाडवा
ए.बाईंचा मेल. "जमीनदार नसला तरी चालेल. त्याचं नाव कुठेतरी लिहिलेलं एकदा बघायचंय."
मलाही एवढंच हवं होतं.
यादीचं पान मेलला जोडलं. आईची हाक, "जेवाले येऊन राह्यली का?" आले म्हटलं. दोनदा म्हटलं.
अजून पाठवलेलं नाही.