मातीवाली पऱ्हाटी

१२ एप्रिल १९९६, शुक्रवार

उखाला फाडून खाईन मी! आजही ट्रक नाही. मेहुणा म्हणून धंद्यात घेतला, हीच माझी अक्कल. पुष्पा म्हणाली होती, 'मना भाऊ शे, गावतून पऱ्हाटीनी सोय करी.' केली सोय! कपाशीची एक वाळकी काडी नाही अजून. कामरेजच्या शेडमध्ये कांड्या दाबायचं मशीन उपाशी, माणसं विड्या फुंकत बसलीत. इकडचं उसाचं पाचट ओलं — दाबलं की कांडी होते, उचलली की भुगा. असला भुगा कोळशाऐवजी बॉयलरमध्ये कोण घालणार?

उधन्याच्या डाइंग मिलचा फोरमन येऊन गेला. बसला नाही, चहा घेतला नाही. 'गुरुवार सुधी सफेद कोलसो नई आवे तो बॉयलर पाछुं लिग्नाइट पर!' गुरुवारपर्यंत आमची कांडी, म्हणजे त्याचा सफेद कोलसो, पोचली पाहिजे. गिऱ्हाईक एकच. ते गेलं की शेडला कुलूप आणि मी परत लूमवर. त्या खडखडाटात? मेलो तरी जाणार नाही!

१३ एप्रिल

एसटीडीवरून गावी, सासरवाडीला फोन. किराणावाल्याने उखाला बोलावून आणलं. म्हणतो, 'दाजी, बाया काड्या देतस नही. जो उपटस त्यान्या काड्या, आपलाकडे आसंच शे. वरीसभरनं जळण शे त्यासनं.'

रीत सांगतोय मला! ही रीत आता फोरमनला नेऊन दाखवू का? बायांनी गोवऱ्या जाळाव्यात, काटक्या वेचाव्यात, मला काय त्याचं! मी ओरडलो — 'घरमाईन काढ, नहीते आभायमाईन पाड! गुरुवारपावत काड्या नही उन्यात ते मना दारमा पाय ठेवू नको!' बूथवाला बघत राहिला. बघू दे.

उखा नुसतं 'बरं' म्हणाला. हे त्याचं 'बरं' ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

१४ एप्रिल

पुष्पाने आज डबा दिला नाही. नको देऊ.

१७ एप्रिल, बुधवार

ट्रक आला!

उखा नाही आला, ड्रायव्हर लोटू एकटाच. यायला तोंड आहे का त्याला? ताडपत्री काढली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. काड्यांना माती! नुसती धूळ नव्हे, चांगली थापून बसवलेली. वजन वाढवायचे धंदे सगळे. मातीने मशीनची डाय, कांडीचा साचा, झिजते, हे त्याला लग्नात मंत्र म्हणावेत तसं ऐकवलंय मी.

सगळ्यांदेखत लोटूला म्हणालो, 'सांग त्याले, चोर शे तो!' लोटूने दोर गुंडाळला आणि केबिनमध्ये जाऊन बसला. उखाचाच माणूस, दुसरं काय!

माणसांना बसवून काड्या झोडून घेतल्या. मातीचा ढीग शेडमागे, पाण्याच्या टाकीजवळ टाकला.

१८ एप्रिल

काडी मात्र खडखडीत! ओलीचं नाव नाही. कांडी तुळतुळीत, आपटली तरी मोडत नाही. सकाळीच टेम्पो भरून उधन्याला नेला. फोरमन चक्क हसला — 'आवो ज माल रोज मोकलो!' असाच माल रोज पाठवा, म्हणे! मिल राहिली. शेड राहिली. लूमला माझा रामराम!

संध्याकाळी लोटू परत निघाला. त्याच्याबरोबर उखाला निरोप दिला — असलीच काडी हवी, आणखी एक ट्रक, लगेच. माती काढून. शाबासकी वगैरे काही नाही. चोराला कसली शाबासकी? लोटू माझ्याकडे जरा बघत राहिला, मग गाडी सुरू केली.

पुष्पाला सांगितलं, तुझ्या भावाने एकदाचं काम केलं. ती भाकरी थापत राहिली.

१९ एप्रिल

पुष्पा शेडवर डबा घेऊन आली. टाकीवर हात धुतले आणि तिथेच खाली बसली. ढिगातलं एक ढेकूळ उचलून माझ्यापुढे धरलं. एका बाजूला काड्यांचे वळ, दुसऱ्या बाजूला चुलीची काजळी.

'आमना सयपाकघरनी भित शे हाई.'

उखाचं घर कुडाचं. पऱ्हाटी उभी करून वरून मातीने लिंपलेलं. मीच तिथे किती वेळा जेवलोय.

'आनि छप्परबी पऱ्हाटीनंच शे,' पुष्पा म्हणाली.

लोटू आज सकाळीच गावी पोचला असेल.