राज्याभिषेकाच्या अंगरख्याचं माप

प्रिय बाळराजा,

आधी राग ओकते, मग खुशाली विचारते. तुझे काका, म्हणजे आमचे यजमान, हल्ली आरशासमोर छाती काढून चालायचा सराव करतात. तुला हवापालटाला डोंगरातल्या बंगल्यात धाडलं, आणि इकडे डोळ्यांत पाणी आणून सगळ्यांना सांगतात, पोराची तब्येत काही धड नाही. कसली तब्येत? तू तर लिहितोस, रोज दोन तास घोड्यावर असतोस!

परवा शिंपी आला. घरातल्या पुरुषांचे कपडे माझ्या नजरेखालून जातात, तुला ठाऊकच आहे. राज्याभिषेकाचा अंगरखा बेतायला घेतलाय, पोटाला किती सैल सोडू, असं बिचाऱ्याने विचारलं. सोळा वर्षांच्या काडीपहिलवानाला कसलं आलंय पोट? त्याच्याकडे आलेला मापाचा कागद मी हिसकावूनच घेतला. छाती, पोट, बाही, सगळं यांचं! बावीस वर्षं संसार केलाय, यांचं माप मी झोपेतही सांगेन. अंगाची नुसती आग आग झाली.

आणि तू! इतका कसा रे भोळा? काकांनी दुर्बीण पाठवली की झालास खूश. तब्येत सुधारेपर्यंत गादी काकांनी सांभाळावी, अशा कागदावर सही करायला तयार झालास म्हणे. एकदा बसलेला माणूस उठतो का कधी? तुझी आई गेली तेव्हा तू दीड वर्षाचा होतास. कडेवर घेऊन वाढवलं ते यासाठी?

पण शिव्या मलाही घालायला हव्यात. मागे तू तापात बडबडत होतास, तेव्हा काळजीपोटी मी दरबाराला लिहून दिलं, की याला काही कळत नाही, याच्यापुढे कामाचे कागद आणू नका. चौथ्या दिवशी ताप उतरला. चिठ्ठी परत मागायचं मात्र मला सुचलं नाही. यांनी तिच्यावरची तारीख फाडून ती जपून ठेवलीय. सोमवारी दरबारात तीच दाखवणार आहेत.

म्हणून हे पत्र. कशावरही सही करू नकोस. सोमवारी ये, घोड्यावरून ये, सगळ्यांना दिसू दे. यांनी माझी चिठ्ठी काढली की तू हे पत्र काढ आणि मोठ्याने वाच, पोटाच्या मापासकट. हे खरंच तुझ्या काकूने लिहिलंय का, असं कुणी विचारेलच. मी यांच्याच शेजारी बसलेली असेन. उठून हो म्हणेन.

तुझीच,
काकू
बुधवार, सोळा तारीख